फ्रँक सोनारांचे लाल खडे

या ब्रोचकडे आधी मागून बघा. लोखंडी टाचणी गंजून गेली आहे आणि त्या गंजात कापडाची वीण उमटली आहे. उभा धागा, आडवा धागा, दोन्ही मोजता येतील. कापड कधीच मातीला मिळालं, त्याचा ठसा मात्र राहिला. सहाव्या शतकातल्या फ्रँक बायकांच्या, म्हणजे आजच्या फ्रान्स-बेल्जियमच्या भागात राज्य करणाऱ्या जर्मानिक लोकांतल्या बायकांच्या कबरींतून असे ब्रोच निघतात. गळ्या-छातीशी छोट्यांची जोडी, कधी चकतीसारखी, कधी पक्ष्याच्या आकाराची. कमरेखाली मोठी जोडी, धनुष्यासारख्या बाकाची.

आता सुलटा करू. धातूच्या पातळ पट्ट्या उभ्या करून घरं पाडली आहेत. प्रत्येक घराच्या मापाने गार्नेटचा काप घासून कोंदणात बसवलाय, जाडी जेमतेम मिलिमीटरभर. नुसता बसवला असता तर हा लाल दगड काळपट दिसला असता. म्हणून सोनाराने खड्याखाली सोन्याचा तलम पत्रा घातला आणि त्यावर बारीक चौकटी उठवल्या. उजेड खड्यातून आत शिरतो, चौकटींवर फुटतो आणि लाल होऊन परत येतो. ही नक्षी जवळ गेल्याशिवाय दिसतही नाही. या सोनारांची खरी करामत मला त्या झाकलेल्या पत्र्यातच दिसते.

राजाघरीही हेच काम. १६५३ साली, आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने गावात पाया खणताना चिल्डेरिक राजाची कबर लागली. हा फ्रँकांना एका राज्याखाली आणणाऱ्या क्लोव्हिस राजाचा बाप, ४८१-८२ च्या सुमारास वारलेला. कबरीत सोन्याच्या शेकडो मधमाश्या होत्या, पंख गार्नेटचे. पुढे हा ठेवा पॅरिसच्या राजग्रंथालयात गेला. १८३१ मध्ये तिथे चोरी झाली आणि चोरांनी बरंचसं सोनं वितळवून टाकलं. माश्यांपैकी आज दोनच उरल्यात. वाचताना अजूनही जीव हळहळतो.

आणि हे खडे आले कुठून? पॅरिसजवळच्या सेंट-देनी इथे १९५९ साली राणी आर्नेगुंडेची कबर उघडली गेली. तिच्या अंगावर गार्नेटचे गोल ब्रोच होते. पुढे फ्रेंच संशोधकांनी सेंट-देनीच्या दागिन्यांतले खडे तपासले. पाचव्या-सहाव्या शतकातले बरेचसे खडे निघाले भारताचे, काही श्रीलंकेचे. आपल्याकडच्या खाणीतला दगड समुद्र ओलांडून फ्रँक राण्यांच्या छातीवर पोचला होता!

सातव्या शतकात ही आवक आटली. बोहेमियाचं, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातलं गार्नेट वापरात आलं, पण ते खडे बारके. त्यातून मोठी घरं भरणार कशी? हळूहळू कामाचा ढंगच पालटला. आता सोन्याच्या पत्र्यावर तारेची वेलबुट्टी, मध्येमध्ये एखादा खडा किंवा रंगीत काच. जोडी जाऊन छातीवर एकच मोठी चकती आली. सातवं शतक सरता सरता दागिन्यांसह पुरण्याची चालही मागे पडली, आणि त्यानंतरच्या कबरींत ब्रोच क्वचितच सापडतात.