टाकीतली दहा वर्षे आणि सभासदाची उचल

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, सहकारी वाइनरीत सभासदाला त्याच्या द्राक्षांचे पैसे कसे दिले जातात, हा आजचा जाहीर झालेला विषय आहे. त्या विषयाकडे मी येणार आहे; मात्र ज्या वाइनरीमुळे मी या विषयाच्या नादी लागलो, तिथल्या एका पगारी माणसाची हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला जमणार नाही.

ही वाइनरी तेर्लानो गावची. उत्तर इटलीत, आल्प्सच्या दक्षिण अंगाला, आदिजे नदीच्या खोऱ्यात बोल्झानो आणि मेरानो यांच्या दरम्यान हे गाव आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत हा प्रदेश ऑस्ट्रियाकडे होता, त्यामुळे आजही तिथली बहुतेक माणसे घरात जर्मन बोलतात. नदीकाठच्या सपाटीवर सफरचंदाच्या बागा आणि वर उतारावर द्राक्षवेली, अशी त्या खोऱ्याची वाटणी आहे. उतारावरची माती तांबूस, ज्वालामुखीच्या खडकाची, वाळूसारखी मोकळी आणि आम्लधर्मी असते. दिवसा ऊन कडक असते आणि रात्री डोंगरावरून गार हवा उतरते, म्हणून द्राक्षात साखर भरते तरी आंबटपणा टिकून राहतो. पांढऱ्या वाइनला आयुष्य मिळते ते या आंबटपणामुळे.

1893 साली, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात, 24 शेतकऱ्यांनी ही संस्था काढली. एकट्याने विकायला गेले की भाव समोरचा ठरवतो, हे त्यांना जसे कळले होते, तसे ते आपल्याकडे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. जाता जाता सांगतो, त्याच दशकात मद्रास सरकारने फ्रेडरिक निकोल्सन या अधिकाऱ्याला युरोपातील ग्रामीण पतसंस्था पाहण्यासाठी पाठवले आणि त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष ‘रायफायझन शोधा’ असा होता; रायफायझन म्हणजे जर्मनीत ग्रामीण सहकारी पतसंस्था उभारणारे गृहस्थ. 1904 चा आपला सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतरचा आहे. तेव्हा सहकाराची सुरुवात प्रवरानगरला झाली, असे मानणाऱ्यांनी आज थोडी माघार घ्यावी. साखरेपुरता त्यांचा दावा मला मान्य आहे.

आता तो पगारी माणूस. सेबास्टियन श्टोकर 1955 पासून 1993 पर्यंत या वाइनरीचे मुख्य वाइननिर्माते होते. पांढरी वाइन वर्षा-दोन वर्षांत पिऊन संपवायची असते, असा तेव्हाचा सार्वत्रिक समज होता आणि तो संचालकांच्या सोयीचाही होता, कारण वाइन विकली गेली की सभासदांच्या हातात पैसे पडत. श्टोकर यांना मात्र आपली वाइन अनेक वर्षे टिकेल, नव्हे सुधारेल, अशी खात्री होती. खात्री करून घ्यायला वाइन शिल्लक राहावी लागते, आणि शिल्लक राहिलेला माल दिसला की सहकारी संस्थेतील माणसाला झोप लागत नाही. म्हणून ते दरवर्षी काही बाटल्या बाजूला काढून तळघरात संचालक मंडळाच्या नजरेआड दडवत, असे तिथे सांगतात. नोकराने मालकाचा माल मालकापासून लपवला, तोही मालकाच्याच तळघरात! आपल्याकडच्या लेखापरीक्षकाने या प्रकारावर काय शेरा मारला असता, याची कल्पना सभागृहातील निवृत्त निबंधकांनी करावी.

श्टोकर एवढ्यावर थांबले नाहीत. वाइन आंबून झाल्यावर तळाशी मेलेल्या यीस्टचा जो बारीक गाळ बसतो, त्या गाळावर त्यांनी काही वाइन पोलादी टाक्यांत तशीच वर्षानुवर्षे ठेवली. हा गाळ प्राणवायू शोषून घेऊन वाइनला जुनाट होऊ देत नाही आणि हळूहळू तिला भरीवपणा देतो. दहा किंवा त्याहून अधिक वर्षे अशी ठेवलेली पिनो बियांको या पांढऱ्या द्राक्षाची वाइन ही आज तेर्लानोची सर्वांत नावाजलेली वाइन आहे, आणि तळघरात 1893 पासूनच्या बाटल्यांचा संग्रह आहे. सहकारी म्हणजे स्वस्त आणि सुमार, असे आपल्याकडचे सुशिक्षित लोक मान हलवत बोलतात, तेव्हा मला राग येतो तो या तळघरामुळे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा मूळ मुद्दा भराभर मांडतो. आपल्या साखर कारखान्यात उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणावर, ठरतो आणि सभासदाला पैसे टनावर मिळतात. ज्याचा ऊस अधिक गोड, त्याचा फायदा सर्वांत वाटला जातो, आणि म्हणून वजन वाढवण्यापलीकडे कोणाला काही सुचत नाही. तेर्लानो ज्या प्रांतात आहे, त्या दक्षिण टिरोलमध्येही एके काळी हेच होते: भरपूर पीक देणाऱ्या फेरनाच जातीची हलकी लाल वाइन ठोक भावाने स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीला जात असे. हा बाजार ओसरल्यावर तिथल्या चांगल्या सहकारी वाइनऱ्यांनी वजनाऐवजी प्रतीवर पैसे द्यायला सुरुवात केली, उत्पादनावर मर्यादा घातली आणि वाइनरीचे तज्ज्ञ हंगामभर सभासदांच्या बागांतून फिरू लागले. सभासदानेही आपली सगळी द्राक्षे संस्थेलाच द्यायची असतात. चांगला घड बाहेर आणि उरलेला संस्थेला, हा मार्ग बंद आहे.

तेर्लानोचे सभासद सुमारे 140 आणि क्षेत्र सुमारे 190 हेक्टर, म्हणजे सरासरी जमीन दीड हेक्टरच्याही आत. एवढ्या तुकड्यावरचा शेतकरी दहा वर्षे टाकीत पैसा अडकवू शकत नाही. संस्था मात्र बहुतेक वाइन लवकर विकून सभासदांची उचल भागवते आणि थोडीच मागे ठेवते. म्हणूनच वाट पाहणे परवडते ते संस्थेला. नदीपलीकडच्या आंद्रियानो गावची वाइनरीही 1893 चीच. ती 2008 साली तेर्लानोत विलीन झाली, तरी तिच्या बाटल्यांवरचे आंद्रियानो हे नाव कायम ठेवले गेले. विलीनीकरण म्हणताच आपल्याकडे पहिला वाद नावावरून होतो, त्याबद्दल मी बोलू लागलो तर अध्यक्ष ध्वनिक्षेपक बंद करतील.