ज्वारीची विरी आणि घरचा मफिन

(गावच्या वाचनालयात बचत गटांच्या महिलांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदया, समोर बसलेल्या काकू, वहिनी आणि ताई, तसेच मागच्या बाकावर दाराजवळची जागा धरून बसलेले दादा लोक, आपल्या सर्वांना नमस्कार. पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय 'ग्लुटेनमुक्त मफिन घरी कसा करावा' असा छापला आहे आणि त्यासाठी मला पाऊण तास मिळाला आहे. कृती मी सांगणारच आहे, परंतु तिच्याआधी मला एका शब्दाविषयी बोलायचे आहे. तो येथील प्रत्येकीच्या तोंडात आहे आणि मी चाळलेल्या बेकिंगच्या एकाही पुस्तकात मात्र मला आढळला नाही. तो शब्द म्हणजे विरी, पिठाला एकत्र धरून ठेवणारा चिकटपणा.

ज्वारीचे पीठ जुने झाले की भाकरी थापताना काठ फाटतात, परातीतून उचलताना ती मधोमध तुटते, आणि आपण म्हणतो, पिठाची विरी गेली. मग सासूबाई चुलीवर आधण ठेवायला सांगतात, उकळते पाणी पिठात ओततात, उलथण्याने ढवळून झाकण ठेवतात, आणि काही वेळाने तेच पीठ हाताशी ऐकू लागते. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन, मुळीच नसते, म्हणून तिच्या पिठाला धरून ठेवण्याचे काम पिठातील स्टार्चला करावे लागते. तो स्टार्च गरम पाण्यात फुगतो आणि चिकट होतो, मात्र ज्वारीच्या स्टार्चला त्यासाठी गव्हापेक्षा अधिक उष्णता लागते, म्हणून कोमट पाणी पुरत नाही आणि आधणच लागते. ग्लुटेनशिवाय पीठ बांधून ठेवण्याची विद्या वऱ्हाडातील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि आपण तिला विद्या म्हणत नाही, एवढेच माझे आजचे म्हणणे आहे.

गव्हाची गोष्ट वेगळी आहे. लहानपणी शेतातून येताना ओंबी चोळून तिचे दाणे तोंडात टाकले आणि चावत राहिले की शेवटी जिभेवर रबरासारखा चिवट गोळा उरत असे. तो आठवणाऱ्यांनी हात वर करावेत. दाराजवळच्या दादांचेही हात वर झालेले दिसतात, म्हणजे आता ते व्याख्यान संपेपर्यंत उठणार नाहीत. तो गोळा म्हणजेच ग्लुटेन. ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही गव्हातील दोन प्रथिने पाण्याबरोबर मळली गेली की त्यांची जाळी तयार होते, त्या जाळीत हवा अडकते आणि पाव फुगतो.

याच जाळीने माझ्या नातीची तीन वर्षे घेतली. तिचे पोट फुगलेले असे, हातपाय काड्यांसारखे झाले होते, रक्त काही केल्या वाढत नव्हते. एका दवाखान्यात जंताचे औषध, दुसऱ्यात लोहाच्या गोळ्या आणि तिसऱ्यात 'पोरगी नीट जेवत नाही' हा शेरा मिळाला. ती नीट जेवत होती. पोळीच जेवत होती, आणि ती पोळीच तिला बाधत होती, हे कोणाच्या मनात आले नाही, याचे दुःख मला अजून आहे. सिलिॲक या विकारात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची संरक्षणयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते, त्यावरील बारीक लव झिजते आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार होती आणि पाव दुर्मीळ झाला होता, तेव्हा हा विकार असलेली मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा खंगली, हे त्यांनी पाहिले आणि १९५० मध्ये आपल्या प्रबंधात गव्हाचा दोष मांडला. कोणाच्या घरी असे मूल असेल तर एक गोष्ट पदराला गाठ मारून घ्यावी: रक्ताच्या तपासणीआधी गहू बंद करू नये, कारण गहू बंद केल्यावर तपासणीत खूण सापडेनाशी होते.

आता चक्कीची हकीकत सांगते, आणि ती थोडी लांबेल. नातीला हाच विकार असल्याचे निदान झाल्यावर आम्ही घरातून गहू, मैदा, रवा, शेवया सारे काढले. नात ज्वारीची भाकरी, भात, वरण खाऊ लागली, वजन थोडे वाढले, पण आठ महिन्यांनी तपासले तेव्हा रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे या विकाराची खूण, अपेक्षेइतकी उतरली नव्हती. डॉक्टरांनी विचारले, बाहेरचे खाते का? सून रडू लागली, कारण तिने डोळ्यांत तेल घालून सांभाळले होते. मी चक्कीवर गेले. चक्कीवाले भाऊ मनाने फार चांगले. ते म्हणाले, 'बाई, तुमच्या नातीचं दयन मी पट्टा, डबा सारं झाडून दयतो, काळजी करू नका.' ते खरोखर झाडत होते. त्यानंतर आम्ही सकाळचे पहिले दळण आमचे ठेवले, तरी फरक पडला नाही. पुढे एका दुपारी त्यांनी स्वतः निरोप पाठवला. दगडांना टाकी लावण्यासाठी, म्हणजे ते ठोकून खरबरीत करण्यासाठी, त्यांनी चक्की उघडली होती, आणि दगडाच्या पाळीच्या, म्हणजे कडेच्या, मागे, जिथे झाडू पोहोचत नाही तिथे, कणकेचा कडक थर बसलेला होता. त्यांनी तो मूठभर खरवडून माझ्या हातावर ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या मुठीचे गणित मी नंतर मांडले. अन्नाला ग्लुटेनमुक्त म्हणायचे तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे, असा आपल्याकडचा नियम आहे. गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्के ग्लुटेन धरले, तर किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅमहूनही कमी कणिक मिसळली तरी मर्यादा ओलांडली जाते. एका चिमटीएवढीही नाही ती कणिक. त्या दिवशी गोठ्यातले जाते बाहेर काढले, धुऊन वाळवले, आणि तेव्हापासून नातीचे दळण घरी होते. ज्वारीही आधी निवडून घ्यावी लागते, कारण पोते, सूप आणि चाळणी एकच असली तर गव्हाचा दाणा तिच्यात असतोच. वर्षभराने तपासणी चांगली आली.

गहू लपून येतो तो केवळ पिठातून नाही. बाजारातील बांधानी, म्हणजे पीठ मिसळून केलेल्या, हिंगात बहुधा गव्हाचे पीठ घातलेले असते, म्हणजे तुरीच्या साध्या वरणातही गहू असू शकतो. डबीवरील बारीक अक्षरे वाचावीत. जव आणि जवस यांच्यातही गल्लत करू नये. जवात ग्लुटेन असते, जवसात नसते, आणि आपल्या मफिनचा अर्धा आधार जवसच आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून ज्वारीचे कणीस छापलेले पुडे दुकानांत दिसतात, परंतु त्यांतील काही पुडे उलटून पाहिले तेव्हा मागे घटकांत पहिले नाव गव्हाच्या पिठाचेच होते. भरडधान्याचा पदार्थ म्हणजे ग्लुटेनमुक्त पदार्थ असे धरून चालू नये.

अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे. दहा मिनिटे उरली आहेत, तेव्हा कृतीकडे वळते.

मैद्याची पाककृती ज्वारीवर आणताना मैद्याच्या जागी तेवढेच ज्वारीचे पीठ घातले, तर मफिन वाळूसारखा भुरभुरतो. शिवाय पीठ वाटीऐवजी तोलून घ्यावे, कारण दोन्ही पिठांची वाटी सारख्या वजनाची भरत नाही. २०० ग्रॅम मैद्याच्या जागी ज्वारीचे ताजे पीठ १२० ग्रॅम, तांदळाचे ५० आणि शिंगाड्याचे ३० ग्रॅम घ्यावे. शिंगाडा आपल्या भंडारा-गोंदियाच्या तलावांतला मिळाला तर उत्तमच, पण त्याचे आणि तांदळाचेही पीठ घरीच करावे. यातील ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठावर १२० मिलिलिटर आधण ओतून ढवळावे आणि झाकून ठेवावे. हीच आपली विरी. दुसऱ्या वाटीत जवसाची पूड दोन मोठे चमचे घेऊन ६० मिलिलिटर कोमट पाण्यात भिजवावी. दहा मिनिटांत ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी बुळबुळीत होते आणि पीठ धरून ठेवते. अंडे खाणाऱ्यांनी एक अंडे घालून हे पाणी निम्मे करावे.

उकड कोमट झाल्यावर तिच्यात १२० ग्रॅम दही, १२० ग्रॅम किसलेला गूळ, ७० मिलिलिटर तेल, जवस, चिमूटभर मीठ आणि संत्र्याच्या सालीचा किस घालावा, नंतर उरलेली पिठे मिसळावीत. मैद्याचे मिश्रण फार फेटू नये म्हणतात, कारण ग्लुटेनची जाळी घट्ट होते. येथे ती भीतीच नाही, म्हणून गुठळी राहणार नाही इतके मनसोक्त फेटावे. मिश्रण अर्धा तास झाकून ठेवावे, म्हणजे ज्वारीचा कण पाणी पितो आणि दाताखाली रेती लागत नाही. हे टाळल्यामुळे माझे पहिले तीन घाणे वाया गेले. बेकिंग पावडर दोन लहान चमचे आणि सोडा पाव चमचा हे मात्र अगदी शेवटी घालावे, आणि बेकिंग पावडरमध्ये गव्हाचा स्टार्च नाही हे आधी डब्यावर पाहावे.

ओव्हन १८० अंशांवर आधी तापवून २२ ते २५ मिनिटे भाजावे. ओव्हन नसेल किंवा वीज गेली असेल तर कुकरमध्ये मिठाचा थर घालावा, शिटी आणि रिंग काढावी आणि मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटे द्यावीत. भाजून झाल्यावर दहा मिनिटे साच्यातच राहू द्यावे, कारण स्टार्च निवताना घट्ट होतो आणि गरम मफिन उचलला तर भाकरीसारखाच मधोमध तुटतो. दुसऱ्या दिवशी कोरडा वाटला तर झाकणाखाली वाफ द्यावी.

वेळ संपली. बाहेरच्या टेबलावर दोन ताटे ठेवली आहेत. डावीकडच्या, पांढऱ्या रुमालाने झाकलेल्या ताटातील मफिन काल माझ्या घरच्या जात्यावरील पिठाचे केले आहेत आणि ते माझ्या नातीलाही चालतात. उजवीकडे चिवडा आहे, त्यातला चमचा कृपा करून डावीकडे नेऊ नये.