या आठवड्यात काय वाचले?

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, ग्रंथपाल, संचालक मंडळाचे सदस्य आणि वाचक मित्रहो,

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला वक्ता बोलावला की त्याने वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाबद्दल हळहळावे, मोबाईलला दोष द्यावा आणि श्रोत्यांनी माना डोलवाव्यात, असा आपल्याकडे रिवाज पडून गेला आहे. तो मी आज पाळणार नाही. अशा सभेला येणारे लोक मुळात वाचणारेच असतात, आणि जे इथे आलेलेच नाहीत त्यांच्या नावाने आलेल्यांना बोल लावण्यात मला कधीच अर्थ वाटला नाही. मला बोलायचे आहे ते एका लहानशा सवयीबद्दल. आठवडाभरात वाचलेल्यातले जे काही मनाला सुखावून गेले असेल, मग ते एक पान असो, एखादे वर्णन असो किंवा नुसती एखादी माहिती असो, ते आठवडा संपायच्या आत दुसऱ्या कोणाला तरी सांगावे, एवढीच ती सवय आहे.

वाचनाला वाहिलेले दिवस आपल्याकडे पुष्कळ आहेत. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, 23 एप्रिलला जागतिक पुस्तक दिन असतो आणि 15 ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जन्मदिनी, वाचन प्रेरणा दिन असतो. या दिवसांना माझा विरोध नाही. त्या निमित्ताने शाळांतली कपाटे उघडली जातात हेही काही कमी नाही. पण वर्षातून तीनदा व्यक्त करायचे प्रेम समारंभी होते. त्या दिवशी माणूस आवडलेल्या पुस्तकाविषयी बोलत नाही, आवडायला हवे अशा पुस्तकाविषयी बोलतो. आठवड्याला हा धोका नसतो, कारण दर आठवड्याला थोर काहीतरी सांगण्याइतका पुरवठा कोणाकडेच नसतो आणि नाइलाजाने का होईना, खरे जे वाचले तेच सांगावे लागते.

वाचन हा एकट्याने, दार लावून करायचा उद्योग आहे ही कल्पना मराठी समाजात तशी अलीकडची आहे. श्रीधरांचे 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचले गेले आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक वाचले. श्रावणात एक जण पोथी वाची, अर्थ सांगे, आणि भोवती बसलेल्या बायका वाती वळता वळता त्यात भर घालत, हसत, एखाद्या पात्राला चक्क नावे ठेवत. पुढे 1881 मध्ये 'केसरी' निघाला. तो साप्ताहिक होता, मंगळवारी निघे, आणि गावात आलेला एकच अंक पारावर किंवा दुकानाच्या फळीवर बसून मोठ्याने वाचला जाई. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही अग्रलेखातला मुद्दा ठाऊक असे, आणि त्यावरचा वाद पुढचा अंक येईपर्यंत पुरत असे. आठवड्याचे हे माप आपल्याला कोणी शिकवलेले नाही. बाजारही आठवड्यानेच भरत होता आणि वाचनही आठवड्यानेच हाती येत होते.

आपली वाचनालये या परंपरेत कुठे बसतात हे पाहण्यासारखे आहे. रत्नागिरीचे वाचनालय 1828 चे, नाशिकचे 1840 चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे. त्या काळी 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' अशा भारदस्त नावांनी उघडलेल्या या संस्थांमध्ये आधी मूठभर शिकलेले पुरुष येत, आणि येऊन वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती बसत. पुस्तक लोकांपर्यंत नेण्याचा विचार संस्थानी पातळीवर मोठ्या प्रमाणात झाला तो बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि राज्यभर मोफत वाचनालयांचे जाळे उभारायला सुरुवात केली. जिथे वाचनालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठवली जात. एका गावाचे वाचून झाले की पेटी बदलली जाई. शंभर वर्षांनंतर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात जवळपास हीच युक्ती पुन्हा काढली. काही कुटुंबे मिळून एक पेटी घेतात, आपसांत पुस्तके फिरवतात आणि ठरलेल्या मुदतीनंतर दुसऱ्या गटाशी पेटीची अदलाबदल करतात. या पेट्या दुबईतल्या मराठी मंडळींपर्यंत पोहोचल्या आहेत.

पेटीच्या या पद्धतीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते तिचे संकोचलेपण. शंभरेक पुस्तके आणि वाचणारी ठरलेली घरे, एवढाच पसारा असल्यामुळे तुम्ही परवा परत केलेले पुस्तक आज समोरच्या बिऱ्हाडात आहे हे तुम्हाला माहीत असते. जिन्यात भेट झाली की "तुम्ही त्या वकिलाच्या प्रकरणापर्यंत आलात का?" असे विचारता येते. मोठ्या ग्रंथालयात हजारो पुस्तके असतात, परंतु आपण वाचलेले पुस्तक आपल्यानंतर कोणी नेले हे कधी कळत नाही, आणि त्यामुळे त्या पुस्तकावर बोलायला माणूसच उरत नाही. राज्यात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची मिळून अकरा-बारा हजार वाचनालये आहेत. त्यांच्या अनुदानाचा प्रश्न गंभीर आहे, पण तो आजचा विषय नाही. आजचा विषय असा की एवढ्या ठिकाणी पुस्तके देण्याघेण्याची खिडकी आहे, मात्र पुस्तकाविषयी चार शब्द बोलण्याची जागा फार थोड्या ठिकाणी आहे. खिडकीवर मागे रांग असते आणि वाचनकक्षात 'शांतता राखा' अशी पाटी असते. मग बोलायचे कुठे?

लोकांनी त्यावर आपापल्या परीने वाटा काढल्या आहेत. पुस्तक भिशी ही मला त्यांतली सर्वांत अस्सल मराठी वाट वाटते. भिशी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे: दर महिन्याला ठरावीक रक्कम काढायची, चिठ्ठी टाकायची आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिने ती रक्कम उचलायची. पुस्तक भिशीत ही रक्कम मिक्सर किंवा साडीऐवजी पुस्तकांवर खर्च करायची असते. पुढच्या बैठकीत तिने ती पुस्तके आणून दाखवायची, का घेतली ते सांगायचे, आणि मग ती सगळ्यांत फिरतात. यातली मेख अशी आहे की निवड करणारी बाई समीक्षक नसते. तिला चार मैत्रिणींसमोर "हे मी का घेतले" एवढेच सांगायचे असते, आणि ते सांगताना तिचे वाचन आपोआप नेमके होत जाते. कोणीतरी बागकामाचे पुस्तक आणते, कोणी प्रवासवर्णन आणते, कोणी सासूबाईंना मोठ्या टायपात हवे म्हणून संतचरित्र आणते. दुकानदाराला किंवा पारितोषिक समितीला जी यादी कधीच सुचली नसती ती इथे तयार होते.

दिवाळी अंकांचेही तसेच. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही प्रथा चालू आहे, आणि एका घरात आलेला अंक त्याच घरात राहिला असे क्वचितच घडले असेल. चाळीत किंवा वाड्यात एक अंक दहा घरे फिरे, मुखपृष्ठ गळून पडे, आणि शब्दकोडे पहिल्याच घरात सोडवलेले असे, ही पुढच्यांची कायमची तक्रार असे. वाचनालयांची दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते तेव्हा त्या खिडकीवर जेवढे बोलणे होते तेवढे एरवी वर्षभर होत नाही, कारण सगळे जण एकाच वेळी तेच वाचत असतात.

आता ग्रंथपालांनी दोन मिनिटे कान बंद करावेत, कारण मी पुस्तकांवर केलेल्या पेन्सिलीच्या खुणांविषयी बोलणार आहे. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये हा नियम योग्यच आहे. तरीही एका वाचनालयातले स्वयंपाकाचे जुने पुस्तक माझ्या हाती आले होते, ते मी विसरू शकत नाही. पाठीला कापडी पट्टी, आत दाखल क्रमांकाचा शिक्का आणि शेवटी तारखांची चिठ्ठी, तीही एकावर एक अशी तीनदा चिकटवलेली. भरल्या वांग्यांच्या कृतीशेजारी बारीक अक्षरात लिहिले होते: "तेल फार सांगितले आहे. निम्मे पुरते." त्याखाली वेगळ्या, जरा रागीट वळणात: "पुरत नाही. पूर्ण घालावे." आणि अगदी तळाशी तिसऱ्याच हाताने: "दाण्याचे कूट वाढवा, मग कमी तेलातही होतात." या तिघी एकमेकींना कधी भेटल्या असतील असे वाटत नाही, परंतु आठवड्याच्या भाजीवर त्यांनी जी चर्चा केली ती अनेक परिसंवादांहून सरस होती: प्रत्येकीने आधी करून पाहिले होते, मागच्या बाईचे म्हणणे वाचले होते आणि मुद्दा पुढे नेला होता. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवणारे महाभाग मात्र याच परंपरेतले आहेत असे मी म्हणणार नाही.

मी अधूनमधून एका तालुक्याच्या गावी शनिवारच्या वाचकबैठकीला जातो. तिथला प्रकार सांगितला की मला काय म्हणायचे आहे ते जास्त स्पष्ट होईल. दहा-बारा माणसे जमतात, चहा होतो आणि प्रत्येकाने पाच मिनिटांत, पुस्तक उघडून, आठवड्यात आवडलेला एकच भाग वाचून दाखवायचा असतो. एसटीतून निवृत्त झालेल्या एका वाहकांनी एकदा प्रवासवर्णनातला घाटाचा परिच्छेद वाचला आणि मग सांगितले की लेखकाने वळणे बरोबर पकडली आहेत, पण पहाटेच्या पहिल्या गाडीला त्या घाटात डिझेलच्या वासात मिसळून येणारा ओल्या कारवीचा वास त्याच्याकडून निसटला आहे. लेखक बहुधा दुपारी गेला असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी भीतभीत म्हणाली, की तिने आठवडाभर फक्त दुष्काळी कामांवरचे प्रकरण वाचले, तेही परीक्षेपुरते. परंतु त्यात खडी फोडणाऱ्या बायकांच्या मजुरीचा तक्ता होता आणि तो तक्ता पाहून तिला आजीचे एक बोलणे पहिल्यांदा नीट समजले. त्यावर सगळे जण अर्धा तास बोलत राहिले. अभ्यासक्रमाचे पुस्तक हे या बैठकीत चालते की नाही, असा प्रश्न कोणी काढला नाही, आणि काढला असता तर मी भांडलो असतो.

या बैठकीतला एकच भाग वाचण्याचा दंडक फार शहाणपणाचा आहे. पूर्ण पुस्तकावर बोला म्हटले की माणूस घाईने निवाडा देतो: "उत्तम आहे", "ठीक आहे", "शेवट पटला नाही". ऐकणाऱ्याच्या हाती त्यातले काहीच लागत नाही. परिच्छेद वाचून दाखवला की ऐकणाऱ्याला प्रत्यक्ष माल दिसतो. आवडला तर तो पुस्तक मागतो, नाही आवडला तर का नाही ते सांगू शकतो. शिवाय पुस्तक अर्धेच वाचून झाले असले तरी अडत नाही. वर्षभरात किती पुस्तके वाचली त्याचे आकडे जाहीर करण्याची जी चढाओढ हल्ली दिसते तिच्याविषयी माझे मत फारसे बरे नाही. आकडा सांगणाऱ्याचे अभिनंदन करता येते, त्याच्याशी गप्पा मारता येत नाहीत. ज्याने या आठवड्यात चारच पाने वाचली आणि त्यातले दीड पान आपल्याला ऐकवले, त्याच्याशी मात्र संध्याकाळभर बोलता येते.

आणि आठवडाच का? रोज सांगायचे म्हटले तर ओझे होते आणि महिन्याने सांगायचे म्हटले तर मजकूर विसरून नुसते "छान होते" एवढेच उरते. वाचनाचा आनंद ताज्या भाकरीसारखा आहे. शिळा झाला तरी पोट भरते, पण कोणाला आग्रह करावासा वाटत नाही. भिलारला, म्हणजे पाचगणीजवळच्या त्या पुस्तकांच्या गावी, 2017 पासून घराघरांतून, देवळांतून पुस्तके मांडलेली आहेत, कोणीही जाऊन अंगणात बसून वाचावे. तिथे जाणाऱ्या पाहुण्यांना मी नेहमी सुचवतो, की निघताना घरच्या माणसांना आपण काय वाचले तेवढे सांगून जा. स्ट्रॉबेरीच्या हंगामात त्यांना वेळ नसतो हे खरे, पण आपल्या ओसरीवर बसून कोणी काय वाचले हे कळले तर त्यांना आवडते.

माझे बोलणे संपत आले आहे. आता कामाचे तेवढे सांगतो. संचालक मंडळाने पुढच्या शनिवारपासून मासिकांच्या टेबलाशेजारची जागा संध्याकाळी सहा ते सात या वेळेत बोलण्यासाठी मोकळी ठेवण्याचे मान्य केले आहे आणि 'शांतता राखा' ही पाटी तेवढा तासभर उलटी करण्याचे ग्रंथपालांनी कबूल केले आहे. पुस्तक सोबत आणावे आणि पान आधी शोधून ठेवावे. फोनवर वाचलेले असेल तर फोन आणावा. पुस्तक या वाचनालयाचे असेल आणि ऐकणाऱ्या कोणाला ते हवे असेल, तर तिथल्या तिथे त्यांच्या नावावर नोंदवून मिळेल. ज्यांना दृष्टीमुळे वाचणे जमत नाही त्यांनी पुस्तकाचे नाव फक्त कळवावे, वाचून दाखवायला माणूस असेल. पहिल्या शनिवारी सुरुवात मी करणार आहे आणि विहिरींवरच्या एका पुस्तकातले पाथरवटांचे पान आणणार आहे. मी पाच मिनिटांपुढे गेलो तर खिडकीवरची घंटा वाजवण्याचा अधिकार आजच ग्रंथपालांना देऊन टाकतो.