गुठळी टिकवायची, तर घड्याळ बघा

श्रोतेहो, नमस्कार.

छातीला जबर मार लागला की घरचे विचारतात, "डॉक्टर, बरगडी मोडलीय का?" आमचं लक्ष मात्र खोकल्यातून रक्त पडतंय का, याकडे असतं. फुप्फुस फाटून रक्त श्वासनलिकेत उतरलं, तर अंगातलं रक्त संपायच्या आधीच माणूस त्यात गुदमरतो. म्हणून आधी श्वासाची वाट मोकळी करायची. छातीच्या पोकळीत रक्त साठलं असेल, तर नळी घालायची. फुप्फुसाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत दाब कमी असतो, त्यामुळे बऱ्याच जणांचं एवढ्यावरच भागतं.

उरलेल्यांसाठी औषधं. त्यातलं पहिलं ट्रानेक्झामिक ॲसिड. नाव बोजड आहे, पण पाळीत फार अंगावरून जातं म्हणून गोळ्या घेतलेल्या भगिनींना ते माहीत असेल. तेच हे. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्याने ते शोधलं आणि १९६२ साली जगापुढे मांडलं. बाळंतिणींचा रक्तस्राव थांबावा, ही त्यांची तळमळ होती.

हे औषध गुठळी बनवत नाही बरं का. गुठळी शरीरच विणतं आणि शरीरच ती उसवतं. मोठ्या मारानंतर कधी कधी हे उसवणं फार वाढतं, ते औषध रोखतं. २०१० साली या औषधाची क्रॅश-२ ही चाचणी प्रसिद्ध झाली, ४० देशांतल्या २०,००० हून जास्त जखमींवरची. औषधाविना शंभरात १६ मृत्यू होत होते, ते औषधाने साडेचौदावर आले. या जखमींना सगळ्या प्रकारचा मार होता, फक्त छातीचा नव्हे. पण मार लागून ३ तास उलटल्यावर औषध दिलं, तर रक्तस्रावाने दगावणारे उलट वाढले.

दुसरं औषध 'घटक सात', म्हणजे रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन. मुळात ते हिमोफिलियासाठीचं, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजारासाठीचं. १९९९ साली इस्रायलमध्ये गोळी लागलेल्या एका सैनिकाचं रक्त त्याने थांबलं आणि त्याचा बोलबाला झाला. पुढच्या चाचण्यांत मात्र जीव जास्त वाचल्याचं ठामपणे दिसलं नाही. शिवाय ते महाग आणि नको त्या धमनीत गुठळी होण्याची भीती. माझ्या मते ते अगदी शेवटी काढायचं. फुप्फुसात तर गोठलेलं रक्तच श्वासनलिकेत बूच होऊन बसतं, मग ते दुर्बिणीने काढावं लागतं.

तेव्हा अपघात दिसला, तर १०८ ला फोन लावतानाच घड्याळ बघा. रुग्णालयात "आत्ताच झालं" म्हणू नका, किती वाजता झालं ते सांगा. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर तेही.