साखरेचा एक हात बदलला तर

चांगली बातमी आणणाऱ्याला आपण म्हणतो, तुमच्या तोंडात साखर पडो. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस या तरुण संशोधकाच्या तोंडात जे पडलं, ती मात्र साखर नव्हती. लेस्ली हफ यांच्या प्रयोगशाळेत साखरेच्या रेणूवर क्लोरीन चढवायचं काम चालू होतं. गोष्ट सांगतात ती अशी, की एका पदार्थाची तपासणी करा असा निरोप आला आणि फडणीसांनी तो चाखा असा ऐकला. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द. पण देवनागरीत लिहून पाहा, दोन्ही ‘टेस्ट’च! दोष त्यांच्या कानाचा की आपल्या लिपीचा, तुम्हीच ठरवा. त्यांनी जिभेवर कण ठेवला, तो कमालीचा गोड निघाला. तेच आजचं सुक्रालोज, साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. इथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत हा कित्ता गिरवायचा नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

आता हे गोड झालं कशामुळे? आपली नेहमीची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. या जोडीला आठ हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणजे ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन. मी त्यांना हात म्हणतो. शरीर साखर ओळखतं ते या हातांवरून. कोणता हात वर, कोणता खाली, एवढ्यावरून. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांत चौथ्या कार्बनवरच्या एका हाताच्या दिशेचा फरक आहे, बाकी सगळं तेच. पण गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे गॅलॅक्टोज वापरता न येण्याचा आजार, घेऊन जन्मलेल्या बाळाला तेवढ्याच फरकापायी आईचं दूधसुद्धा चालत नाही, कारण दुधाच्या साखरेत गॅलॅक्टोज असतं.

सुक्रालोजमध्ये आठांपैकी तीन हातांच्या जागी क्लोरीन आहे. सांगायला सोपं, करायला अवघड. कारण सगळ्यांत उतावळा हात ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवरचा, आणि नेमका तोच आपल्याला बदलायचा नसतो. म्हणून आधी त्याच्यावर ॲसिटिल गटाचा हातमोजा चढवायचा, मग क्लोरीन लावायचा, शेवटी मोजा काढायचा. यात चौथ्या कार्बनवर एक गंमत होते. क्लोरीन मागच्या बाजूनं येतो आणि जुन्या गटाला पुढून ढकलून देतो. पावसाळी वाऱ्यात छत्री उलटते ना, तशी तिथली रचना उलटते. ग्लुकोजचा अर्धा भाग गॅलॅक्टोजच्या घडणीचा होऊन बसतो. जिभेवरचे गोडाचे ग्राही त्याचं जोरदार स्वागत करतात, पण आतड्यातलं साखर तोडणारं विकर त्याला ओळखच देत नाही. बराचसा पदार्थ जसा गेला तसा बाहेर पडतो. (वजन आटोक्यात ठेवायला अशा गोडव्यांवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं आहे. गोड चहाच्या शौकिनांनी नोंद घ्यावी.)

त्याच वर्षी, १९७६ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेत दुसरी एक बदललेली साखर पहिल्यांदा माणसाच्या शिरेत गेली. ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत तात्सुओ इदो यांनी ती बनवली आणि विमानानं फिलाडेल्फियाला धाडली. घाई होती. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरचा हात काढून तिथे किरणोत्सारी फ्लुओरिन-१८ बसवलेला होता, आणि तो दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. पेट स्कॅनच्या, म्हणजे शरीरात साखर कुठे साचते त्याचं चित्र काढणाऱ्या तपासणीच्या, आधी शिरेत टोचतात ते हेच, एफडीजी.

पेशीच्या दारात एफडीजीला ग्लुकोज समजून आत घेतात. हेक्सोकायनेज हे विकर सहाव्या कार्बनवर फॉस्फेट लावतं. फॉस्फेट लागलं की परत बाहेर पडायची सोय राहत नाही. पुढच्या विकराला दुसऱ्या कार्बनवरचा हात धरायचा असतो, आणि तो तर आपण काढून घेतलाय! रेणू अडकला. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात, हे ऑटो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. त्या पेशींत एफडीजी साचतं आणि पडद्यावर तेवढा भाग उजळतो. मेंदू उजळतो तो कायमच, त्याला दुसरं खाणं फारसं रुचत नाही. पण स्नायूंनी ही साखर ओढू नये म्हणून तपासणीआधी उपाशी ठेवतात, इंजेक्शननंतर तासभर निपचित पडायला सांगतात. घशाचा रुग्ण असेल तर गप्पाही बंद, नाहीतर बोलणारे स्नायूच साखर खाऊन टाकतात.

हे बनवण्याची आजची रीत १९८६ मध्ये जर्मनीत यूलिखला निघाली. तिच्यात सुरुवात ग्लुकोजपासून होत नाही, मॅनोजपासून होते. मॅनोजचा दुसरा हात ग्लुकोजच्या उलट दिशेला असतो. फ्लुओरिन मागून आला की छत्री उलटते आणि आपल्याला हवी ती ग्लुकोजची घडण हाती येते. असे किरणोत्सारी अणू बनवायला सायक्लोट्रॉन लागतो, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र. आपल्याकडे पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला.

त्या सायक्लोट्रॉनमध्ये फ्लुओरिन-१८ बनतो तो पाण्यापासून. साधं पाणी नव्हे, ऑक्सिजन-१८ हा जड ऑक्सिजन असलेलं पाणी. त्यावर प्रोटॉनचा मारा केला की ऑक्सिजनचा फ्लुओरिन होतो. आणि पेशीत अडकल्यावर तो फ्लुओरिन किरण सोडून पुन्हा ऑक्सिजन-१८ होतो, आसपासचा एक हायड्रोजन उचलतो. म्हणजे काढलेला हात जागेवर परत! आता समोर असतं ते ग्लुकोज-फॉस्फेटच, फक्त एक ऑक्सिजन किंचित जड. मघाशी अडलेलं विकर ते घेतं, आणि पेशी ते खाऊन टाकते.