उठवणार हे ठाऊक होते, तरीही तो रडला

श्रोतेहो, नमस्कार.

कठीण काळात ख्रिस्ती श्रद्धा माणसाला कोणता आधार देते, याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. श्रद्धावंताने रडू नये, असा समज आपल्या मंडळ्यांमध्येही, म्हणजे चर्चमध्येही, फार खोलवर रुजलेला आहे. पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, त्याला काहीही आधार नाही. बेथानी गावी प्रभूचा मित्र लाजर मरण पावला, तेव्हा त्याला आपण मरणातून उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू येशू त्याच्या बहिणीचे दुःख पाहून रडला, असे योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात लिहिले आहे. पुन्हा सांगतो, श्रोतेहो. उठवणार हे ठाऊक होते, तरीही तो रडला.

2021 साली पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, 4 एप्रिलला आला होता. कोरोनाच्या त्या दिवसांत नागपुरात रुग्णालयातील एका खाटेसाठी लोक रात्र-रात्र फोन करत होते, उपासना मोबाइलवर होत होती आणि दफनविधीला घरची मोजकीच माणसे जाऊ शकत होती. नागपुरातील ‘सदर’ नावाच्या वस्तीत राहणाऱ्या, माझ्या परिचयातील एका शिक्षिकेचे पती त्याच महिन्यात गेले. तिच्या मोबाइलवर वचनांचा पाऊस पडला. देव सर्व गोष्टी मिळून कल्याणच करतो, देवाची इच्छा, धीर धर. पाठवणाऱ्यांचे मन चांगले होते, यात शंका नाही. पण तिने मोबाइल बंद करून कपाटात ठेवला आणि शास्त्र उघडणेही सोडले.

त्यांच्या मंडळीत एक निवृत्त परिचारिका आहेत, त्यांना सगळे मावशी म्हणतात. घरातील सर्वांचा विलगीकरणाचा काळ संपल्यावर मावशी एका संध्याकाळी डब्यात वरण-भात घेऊन आल्या, व्हरांड्यात अंतर ठेवून खुर्चीवर बसल्या आणि काही न विचारता वाचू लागल्या. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती. दर दोन ओळींनंतर त्या चष्मा काढून पदराने पुसत आणि पुढची ओळ शोधत. त्यांनी निवडले होते स्तोत्रसंहितेतील, म्हणजे बायबलमधील स्तोत्रांच्या पुस्तकातील, 88 वे स्तोत्र. ज्यांना ते माहीत आहे, त्यांना कळेल की दुःखाच्या घरी सहसा कोणी ते वाचत नाही. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपते.

शिक्षिका पहिल्यांदाच बोलली. "मावशी, यात तर शेवटीसुद्धा उजेड नाही."

"नाही ना," मावशी म्हणाल्या. "तरी ते शास्त्रात आहे, पोरी. देवाने त्याला बाहेर काढून टाकलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच स्तोत्र वाचले, तिसऱ्या दिवशीही तेच. समजावणे नाही, उपदेश नाही. काही दिवसांनी शिक्षिकेने पुस्तक स्वतःच्या हातात घेतले, बरीच पाने उलटली आणि 130 वे स्तोत्र वाचू लागली. तेही खोल गर्तेतूनच सुरू होते, पण त्यात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत. ती अर्ध्यावर थांबली, तेव्हा उरलेल्या ओळी मावशींनी पाठ म्हटल्या.

जूनअखेर विदर्भातील शाळांचे नवे सत्र सुरू झाले आणि ती पुन्हा वर्ग घेऊ लागली. "असे का झाले?" या प्रश्नाचे उत्तर तिला आजही मिळालेले नाही, हे ती मोकळेपणाने सांगते. मात्र तो प्रश्न ती आता प्रार्थनेत विचारते. ख्रिस्ती आशा म्हणतात ती मला याहून वेगळी वाटत नाही.

   

आता बरे होण्याविषयी. याकोबाचे पत्र सांगते की आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. ते अवश्य करावे. पण ज्या प्रेषित पौलाने अनेकांसाठी प्रार्थना केली, त्यानेच आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी असताना मागे ठेवले, असे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. त्याच्या स्वतःच्या ‘शरीरातील काटा’, म्हणजे त्याला सतत छळणारी व्यथा, देवाला तीनदा विनवूनही निघाला नाही. आणि त्याचा सोबती लूक हा वैद्य होता, म्हणजे प्रार्थना आणि उपचार सोबत चालतात. आजार हटला नाही म्हणून कोणाची श्रद्धा कमी पडली, असे आजाऱ्याच्या उशाशी बसून म्हणणे क्रूरपणाचे आहे. हेही पुन्हा सांगतो: ते क्रूरपणाचे आहे.

म्हणून या आठवड्यात आपल्या मंडळीतील शोकाकुल घरी जाणार असाल, तर डबा घेऊन जा, थोडा वेळ बसा आणि त्या घरच्यांना बोलू द्या. आपण स्वतः त्या अवस्थेत असाल आणि झोप, भूक, जगण्याची इच्छा नाहीशी झाली असेल, तर पाळकांना, म्हणजे आपल्या मंडळीच्या धर्मगुरूंना, आजच कळवा आणि मानसोपचारतज्ज्ञांनाही आजच भेटा. प्रार्थना सुरू केली म्हणून चालू असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

नमस्कार.