घर सोडल्याची तारीख, अर्जाची तारीख

[दृश्य: नागपूर. न्यायालयाच्या आवारात सकाळची वर्दळ.]

जानेवारी 2013. मुलगा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत एक बाई सासरचं घर सोडते. पोटगीचा अर्ज दाखल होतो 2 सप्टेंबरला. नागपूरचं कुटुंब न्यायालय अंतरिम पोटगी ठरवतं 24 ऑगस्ट 2015 रोजी. पत्नीला महिना 15,000 रुपये, मुलाला 5,000, आणि सप्टेंबर 2015 पासून मुलाचे 10,000. रक्कम मोजायची ती 1 सप्टेंबर 2013 पासून. आधी काहीच दिलेलं नसेल, तर 24 महिन्यांचे 4 लाख 80 हजार एकदम अंगावर येतात.

आणि जानेवारी ते ऑगस्ट 2013? त्या महिन्यांचा हिशेब या आदेशात नाही.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालानं देशभरासाठी एक गोष्ट पक्की केली: पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. घर सोडल्याच्या दिवसापासून नाही, आदेशाच्या दिवसापासूनही नाही. ‘बघू, घरातली मोठी माणसं बसून मिटवतील’ म्हणत जे महिने जातात, त्यांची किंमत बहुतेकदा माहेरच्यांनी मोजलेली असते. बोलणी चालू ठेवावीत, पण अर्ज दाखल करून.

[दृश्य: टेबलावर स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का.]

याच काळात एक कागद हमखास तयार होतो. स्टॅम्प पेपरवर दोन ओळी: ‘आम्ही परस्पर संमतीने वेगळे राहत आहोत.’ खाली सह्या, नोटरीचा शिक्का. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, म्हणजे 1 जुलै 2024 च्या आधीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, सांगतं की परस्पर संमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला या कलमाखाली पोटगी मागता येत नाही. कारण वेगळंच असतं, मारहाण असते, घराबाहेर काढलेलं असतं, पण सही मात्र ‘संमती’वर होऊन बसते. असा कागद पुढे आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

बँकेकडेही याच आठवड्यांत जायला हवं. संयुक्त खातं ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचं असेल, तर एकजण एका दुपारी ते रिकामं करू शकतो आणि बँक त्याला अडवत नाही. दोघांपैकी एकानं लेखी पत्र देऊन एकट्याच्या सहीचे व्यवहार थांबवायला सांगता येतं. मात्र त्याच खात्यातून घराचा हप्ता जात असेल, तर खातं गोठवण्याआधी हप्त्याची दुसरी सोय करा. हप्ता चुकला की सहकर्जदार म्हणून दोघांच्याही क्रेडिट अहवालात तो दिसतो. 90 दिवसांहून जास्त थकला की कर्ज बुडीत वर्गात जातं. नवरा-बायको वेगळे राहतात, हा बँकेचा प्रश्नच नसतो. दोघांपैकी कोणाहीकडून ती पूर्ण रक्कम वसूल करू शकते.

स्वतःहून पैसे देत असाल, तर खात्यावर पाठवा आणि कशासाठी ते लिहा. रोख दिलेले पैसे न्यायालयात सिद्ध होणं अवघड. शाळेची फी परस्पर भरलीत तर पावती ठेवा, पण ती पोटगीतून आपोआप वळती होईल असं धरू नका. तसा आदेश लागतो.

[दृश्य: शपथपत्राची पानं, फॉर्म 16, सात-बारा उतारा.]

पोटगीचा खरा निकाल बऱ्याचदा एका शपथपत्रावर ठरतो. 2020 च्या त्याच निकालानं दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी जाहीर करणारं शपथपत्र सक्तीचं केलं. अर्जदारानं ते अर्जासोबत द्यायचं, समोरच्यानं उत्तरासोबत, जास्तीत जास्त चार आठवड्यांत. पगार, बँक खाती, डीमॅट, विमा, कर्जं, घरभाडं, औषधपाणी, मुलांचा खर्च, सगळं त्यात येतं. शेतकरी कुटुंबांसाठी नमुना वेगळा आहे: जमीन किती, जिरायती की बागायती, पीक कोणतं, जनावरं किती, जमिनीवर कर्ज किती. आपल्याकडे यासोबत सात-बारा आणि आठ-अ जोडले की बरेच वाद तिथंच संपतात.

चुका ठरलेल्या आहेत. समजा, हातात येणारा पगार 70,000. त्यातून घराचा हप्ता 28,000, विमा 5,000, पतसंस्थेचा हप्ता 10,000. नवरा म्हणतो, माझ्याकडे उरतात 27,000. न्यायालयं साधारणपणे आयकर, सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी, व्यवसाय कर यांसारख्या सक्तीच्या कपातीच वजा करतात. स्वतःहून काढलेलं कर्ज दाखवून पोटगी कमी होत नाही, म्हणून हिशेब 70,000 वरूनच सुरू होतो. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात निव्वळ पगाराच्या 25 टक्के रक्कम योग्य मानली. तेव्हापासून हा आकडा सगळीकडे फिरतो, पण ते सूत्र नाही. पत्नीचं उत्पन्न, मुलं, आजारपण, आधीचं राहणीमान पाहून आकडा खालीवर होतो.

उलट बाजूची चूक: नोकरी असूनही ‘काहीच कमावत नाही’ असं लिहिणं. नोकरी असली म्हणून पोटगी नाकारली जातेच असं नाही. नोकरी लपवली, तर मात्र पुढच्या प्रत्येक आकड्यावरचा विश्वास जातो. अर्ज येताच राजीनामा देणाऱ्या नवऱ्याचंही तसंच. धडधाकट माणसानं कमवून सांभाळलं पाहिजे, ही न्यायालयांची भूमिका जुनी आहे.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली उत्पन्न नसलेला नवराही अंतरिम पोटगी मागू शकतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात राहत्या घराचा हक्क किंवा पर्यायी घराचं भाडं मागता येतं. दोन-तीन अर्ज एकाच वेळी चालू शकतात, पण आधीचा आदेश पुढच्या अर्जात सांगावाच लागतो आणि रक्कम समायोजित होते. स्त्रीधन या सगळ्याबाहेर: ते पत्नीचंच, त्याची यादी आणि फोटो जितके लवकर तितकं बरं. लग्नानंतर घेतलेलं घर अर्धं-अर्धं होतं, असा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. गोव्यात मात्र 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते.

[दृश्य: न्यायालयाची खिडकी, अर्जांचे गठ्ठे.]

आदेश मिळाला आणि पैसे आले नाहीत, तर? कलम 144 खाली थकलेली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. दोन वर्षं थांबून सगळं एकदम मागायला गेलात, तर जुनी थकबाकी या मार्गानं अडकते. तुरुंगवास झाला तरी देणं फिटत नाही. दिवाणी मार्गानं पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा दोन तृतीयांश भाग जप्त होऊ शकतो. इतर सामान्य देण्यांसाठी पगाराचा इतका मोठा भाग जप्त करता येत नाही.

संमतीनं घटस्फोट घेताना अटींत रक्कम लिहिली जाते, तारखा राहून जातात. कोणता डिमांड ड्राफ्ट कोणत्या तारखेला न्यायालयात द्यायचा, मुलांची फी कुठल्या वर्गापर्यंत, वैद्यकीय विमा कोण भरणार, हे लिहा. एकरकमी रक्कम भांडवली जमा, म्हणजे उत्पन्न नव्हे, मानली जाते, दरमहा येणारी पोटगी मात्र घेणाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात धरली जाते, असा मुंबई उच्च न्यायालयाचा 1980 च्या दशकातला निकाल आहे. देणाऱ्याला करात वजावट मिळत नाही. घर एकाच्या नावावर करायचं असेल, तर बक्षीसपत्र हुकूमनाम्याआधी नोंदवा: पती-पत्नीमधल्या बक्षीसपत्राला मिळणारी मुद्रांक शुल्काची सवलत नातं संपल्यावर मिळत नाही. त्याहीआधी बँकेचं पत्र हवं, की दुसऱ्या सहकर्जदाराला कर्जातून मुक्त केलं आहे. बहुतेक बँका ते देण्याआधी उरलेल्या एकट्याचं उत्पन्न नव्यानं तपासतात आणि ते पुरेसं नसेल तर नकार देतात. मग कर्ज दुसऱ्या बँकेत एकाच्या नावावर हलवायचं, नाहीतर घर विकून कर्ज फेडायचं. शेवटच्या तारखेला जाण्याआधी यातलं काय होणार, हे कागदावर आलेलं असावं.